लिथुआनियातल्या छोट्या गावांचे १९१९-२२ चे तात्पुरते शिक्के: गाव कसं ओळखायचं, खरेपणा कसा तपासायचा?

टपालटप्पा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पहिल्या महायुद्धात १९१५ पासून जर्मन लष्कराच्या ताब्यात असलेला लिथुआनिया आणि जर्मन टपाल गेल्यानंतरची पहिली तीन-चार वर्षं, या विषयावर एका फ्रेमचं म्हणजे १६ पानांचं प्रदर्शन मांडायचं आहे. त्यातलं एक कार्ड अडून बसलंय.

साधं पोस्टकार्ड, साधारण १४ × ९ सेंमी. बर्लिनमध्ये छापलेली, घोडेस्वाराची १० स्कातिकूची (तेव्हाचं सुटं चलन) गुलाबी तिकिटं डाव्या कोपऱ्यात एकाखाली एक लावलेली. दोन शाबूत आहेत. तिसरं गळून पडलंय, त्याच्या जागी डिंकाची पिवळट खूण उरलीय. प्रत्येक तिकिटावर जांभळ्या शाईचा एकोळी शिक्का वेगळा मारलाय. चौकट नाही, मोठी रोमन अक्षरं, उंची ५ मिमीच्या आसपास. तिन्ही ठिकाणी शेवटची चार अक्षरं तिकिटाबाहेर कार्डावर आलीत आणि स्वच्छ वाचता येतात: जी-ए-एल-ए. सुरुवातीची अक्षरं गुलाबी रंगात बुडालीत. खाली पेनाने तारीख: १५, रोमन तीन, २०. पत्ता कौनासचा, मजकूर हिब्रू लिपीत (बहुधा यिडिश). कौनासचा गोल शिक्का १७ मार्च १९२० चा.

प्रश्न असे:
१) गाव कोणतं? नकाशात 'गाला'ने संपणारी बरीच गावं दिसतात.
२) असा घरगुती दिसणारा शिक्का खरा की नंतर मारलेला, हे कशावरून ठरवायचं?
३) विक्रेत्याने वर्णनात 'ऑक्युपेशन लोकल' (परकीय ताब्यातलं स्थानिक तिकीट) लिहिलंय आणि भाव १९४१ च्या लोकल ओव्हरप्रिंटांच्या (छापील तिकिटावर नंतर चढवलेला मजकूर) पंक्तीत बसवलाय. या दोन्हींचा काही संबंध आहे का?
४) तिसरं तिकीट सुटं मिळतं, अगदी स्वस्तात. लावावं का?

---

शिक्कामोर्तब

चौथ्याचं उत्तर आधी, कारण ते केलंत तर बाकीच्या तिन्हींना अर्थ उरत नाही. लावू नका. ती डिंकाची खूण हा तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार आहे. भिंगाखाली बघा: तिसऱ्या ठशाचं 'गाला' जिथे सुरू होतं, तिथे शाई तिकिटाच्या कडेच्या सरळ रेषेवर तुटते का? दात्यांच्या मधल्या खाचांत शाईचे बारीक ठिपके कार्डावर उतरलेत का? तसं असेल तर ठसा मारला तेव्हा तिकीट तिथे होतं आणि त्यानंतर गळलं. बनावट माल करणारा इतकी उठाठेव सहसा करत नाही. त्या जागी दुसरं तिकीट चिकटवलंत की हा पुरावा झाकला जातो, आणि परीक्षक कार्डाला 'फेरफार केलेलं' म्हणून बाजूला काढतो.

आता गाव. लिथुआनियात या शेवटाच्या ठळक गावांपैकी पाच: रामिगाला, बेतिगाला, आर्योगाला, बायसोगाला आणि विल्नियुसजवळचं माय्श्यागाला. शेवटचं लगेच बाद करा. विल्नियुसच्या आसपासचा तो पट्टा एप्रिल १९१९ पासून पोलिश सैन्याच्या ताब्यात होता, मार्च १९२० मध्ये तिथून लिथुआनियन तिकिटावर कार्ड निघायचं कारण नाही. उरलेल्या चारांत 'गाला'च्या लगेच आधीचं अक्षर निर्णायक ठरतं. रामिगाला आणि बेतिगाला यांत तिथे वाय येतो, आर्योगाला आणि बायसोगाला यांत ओ. म्हणजे पूर्ण नाव वाचायची गरज नाही, एक अक्षर मिळालं तरी निम्मं काम होतं. अक्षरांची संख्याही उपयोगी पडते: बायसोगालाची रोमन अक्षरं ९, बाकी तिघांची प्रत्येकी ८. तिकिटावर ठसा डावीकडे कुठून सुरू होतो ते मोजा.

दुसरा रस्ता मजकुराचा. यिडिश पत्राच्या माथ्यावर, उजव्या कोपऱ्यात, लिहिणारा बहुतेकदा गावाचं नाव आणि तारीख टाकतो. ते नाव यिडिश असणार, लिथुआनियन नव्हे. रामिगालाचं रेमिगोला, आर्योगालाचं एरागोला किंवा एयरागोला, बायसोगालाचं बेसागोला. पहिलं अक्षर रेश (र) असेल तर रामिगाला. बेस (ब) असेल तर बायसोगाला किंवा बेतिगाला. आलेफ किंवा आयिन असेल तर आर्योगाला. छापील हिब्रू अक्षरं समोर ठेवून जुळवायला बसू नका, हाताची लिपी वेगळी असते. जालावर यिडिश हस्ताक्षराचे तक्ते मिळतात, ते घ्या. जुइशजेन या ज्यू वंशावळीच्या संकेतस्थळाच्या गावशोधात एकेका गावाची लिथुआनियन, पोलिश, रशियन, जर्मन आणि यिडिश नावं एकत्र दिसतात. स्पेलिंग नक्की नसेल तर तिथला उच्चारावरून शोधायचा पर्याय निवडा.

असे शिक्के मुळात का, हे प्रदर्शनात चार ओळींत यायलाच हवं. १९१५ मध्ये रशियन माघारी गेले तेव्हा टपाल कचेऱ्यांचं सामान बऱ्याच अंशी सोबत गेलं. मग जर्मनांनी 'ओबर ओस्ट' या लष्करी प्रदेशाचं टपाल उभं केलं. १९१६ पासून 'जर्मेनिया' या चित्राच्या जर्मन तिकिटांवर 'पोस्टगेबीट ओब. ओस्ट' असा ओव्हरप्रिंट, शिक्के आणि गावांची नावं जर्मन. लिथुआनियाचं स्वतःचं टपाल १६ नोव्हेंबर १९१८ ला विल्नियुसमध्ये सुरू झालं, पहिली तिकिटं २७ डिसेंबरला आली, आणि जानेवारी १९१९ च्या पहिल्या आठवड्यात लाल सेना विल्नियुसमध्ये शिरली. सरकार आणि टपाल खातं कौनासला हललं. अशा धावपळीत गावोगाव कचेऱ्या उघडत होत्या. तिकिटं पोचायची, पण पोलादी शिक्के तयार होऊन यायला वेळ लागायचा. तोवर पोस्टमास्तर जे हाताशी असेल ते वापरायचा: पेनाने गावाचं नाव आणि तारीख, रबरी किंवा लाकडी सरळ शिक्का, नाहीतर रशियन अमदानीतला जुना गोल शिक्का. तुमचं कार्ड दुसऱ्या प्रकारातलं, शिवाय तारीख हाताने. शिक्क्यात तारखेची सोयच नसेल तर ती लिहावीच लागणार.

एक सावधगिरी. जर्मन सैन्य नोव्हेंबर १९१८ च्या शस्त्रसंधीनंतर एका रात्रीत गेलं नाही. कौनासमध्ये ते जुलै १९१९ पर्यंत होतं. ईशान्येकडचा भाग १९१९ च्या सुरुवातीला लाल सेनेकडे गेला आणि लिथुआनियन सैन्याने तो टप्प्याटप्प्याने परत घेतला: उक्मेर्गे आणि पानेवेझीस मे मध्ये, उतेना जूनच्या सुरुवातीला, झारासायचा भाग ऑगस्टअखेर. वायव्येला श्याउल्याय-राद्विलिश्किस भागात १९१९ च्या शरदात बेर्मोंटची रशियन-जर्मन फौज होती, राद्विलिश्किसची लढाई २१-२२ नोव्हेंबरची. म्हणून प्रत्येक कार्डाला पहिला प्रश्न हाच: या तारखेला हे गाव कोणाकडे होतं? झारासायहून मे १९१९ ला लिथुआनियन तिकिटावर रद्द झालेलं पाकीट कोणी दाखवलं, तर भिंग काढायचीही गरज नाही. तुमची मार्च १९२० ही तारीख त्या चारही गावांना चालते.

---

दातेरी

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. तांत्रिक बाजू मी मांडतो.

बुडालेली अक्षरं वर काढायला पैसे लागत नाहीत. कार्ड १२०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा, फाइल टिफ ठेवा. जेपीजी नको, जेपीजीच्या चौकड्या बारीक कडा खातात. स्कॅनरची 'ऑटो करेक्शन', 'शार्पन', 'डस्ट रिमूव्हल' ही सगळी बटणं बंद. गिंप हा फुकट प्रोग्राम घ्या, 'कलर्स'मध्ये 'कंपोनंट्स', त्यात 'डीकंपोज', आरजीबी निवडा. लाल, हिरवा, निळा अशा तीन करड्या प्रतिमा मिळतील. गुलाबी तिकीट लाल प्रतिमेत जवळजवळ पांढरं पडतं आणि जांभळी शाई करडी उरते. मग 'लेव्हल्स'मध्ये डावा त्रिकोण उजवीकडे सरकवला की अक्षरं वर येतात. हिरव्या प्रतिमेत फसगत होते, तिथे गुलाबी आणि जांभळं दोन्ही काळं दिसतं. उलट हिरव्या तिकिटावर जांभळा शिक्का असेल तर हिरवीच प्रतिमा घ्यावी. सगळ्यात वाईट जोडी म्हणजे निळ्या तिकिटावर जांभळी शाई, तिथे कोणताच चॅनल धड साथ देत नाही.

तुमच्याकडे एकाच शिक्क्याचे तीन ठसे आहेत, हे मोठं भाग्य. तिन्ही 'गाला' वेगवेगळ्या लेयरमध्ये एकावर एक ठेवून बघा. रबरी किंवा लाकडी शिक्क्यात कुठेतरी खोट असतेच: एलचा पाय झिजलेला, एका एची आडवी रेघ तुटलेली. ती खोट तिन्ही ठशांत त्याच जागी हवी. शाईचं प्रमाण मात्र तिन्हींत सारखं नको. पहिला ठसा भरलेला, पुढचे फिकट होत जातात, कारण माणूस दरवेळी पॅडवर दाबत नाही. तिन्ही ठसे हुबेहूब सारख्याच गडदपणाचे असतील तर मला ते संशयास्पद वाटेल.

आता खरेपणा. १० पट भिंग चालेल, ३० पट असेल तर उत्तम.

रबरी शिक्क्यात अक्षराच्या कडेला शाई किंचित जास्त साचते आणि मधला भाग फिकट राहतो. कार्डावर दाब उमटत नाही. पोलादी शिक्का कागदात रुततो, तिरप्या उजेडात मागच्या बाजूने उठाव दिसतो. इंकजेटवर छापलेला 'शिक्का' ३० पटीखाली वेगवेगळ्या रंगांच्या ठिपक्यांत फुटतो. लेझरचा टोनर कागदात न मुरता वर बसतो आणि तिरप्या उजेडात चकाकतो.

३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च घ्या. १९२० च्या कागदात ऑप्टिकल ब्राइटनर नसतात, त्यामुळे कार्ड मळकट, निस्तेज दिसायला हवं. निळसर पांढरं झगमगलं तर कागद दुसऱ्या महायुद्धानंतरचा. डिंकाची खूणही त्याच उजेडात बघा. जुना डिंक आणि कोणी अलीकडे लावलेला गोंद यांची चमक वेगळी असते. पण एक अडचण लक्षात ठेवा. जुनं कोरं कार्ड आणि जुनी न वापरलेली तिकिटं आजही बाजारात ढिगाने मिळतात, त्यामुळे यूव्हीत 'पास' झालं म्हणजे खरं ठरलं असं नाही. तो फक्त नापास करायचा मार्ग आहे. पास करतो तो कौनासचा गोल शिक्का आणि मजकूर: पोचल्याची तारीख, हाताची तारीख आणि पत्रातली तारीख जुळतात का. तुमच्याकडे दोन दिवसांचं अंतर आहे. रामिगाला असेल तर तिथून पानेवेझीस सुमारे २५ किमी, पुढे रेल्वे. अंतर जुळतं. बायसोगाला तर राद्विलिश्किस-कायश्यादोरिस रेल्वेमार्गावरच आहे, तिथून दोन दिवस म्हणजे निवांत.

जांभळी शाई बहुतेकदा अॅनिलीनची असते. पाणी लागलं की पसरते, उजेडात उडते. त्यामुळे वॉटरमार्क बघायचा म्हणून कार्ड ओलं करायचं नाही, तिकीट सोडवायचं नाही, आणि प्रदर्शनाच्या फ्रेमवर थेट उन्हाचा कवडसा पडू द्यायचा नाही. हाताच्या तारखेबद्दलही तेच. 'पेन' वाटतं ते कधीकधी इंडेलिबल पेन्सिल असतं. ओल लागताच ते जांभळं होऊन फुटतं.

बर्लिनच्या तिकिटांच्या छपाईचे एकाहून अधिक टप्पे आहेत. पहिला करड्या, धागेदार कागदावर, नंतरचे पांढऱ्या कागदावर. काहींना वॉटरमार्क आहे, काहींना नाही. कार्डावर चिकटलेल्या तिकिटाचा वॉटरमार्क दिसणार नाही. कागदाचा रंग, धागे आणि दाते एवढ्यावर भागवा. दात्यांसाठी पारदर्शक गेज (मापपट्टी) वापरा, तिकिटावर घासू नका.

---

खिडकी क्र. ७

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. विक्रेत्याने दोन युद्धांची खिचडी केलीय, आणि ती सोयीची खिचडी आहे.

१९४१ चं प्रकरण वेगळं. १५ जून १९४० ला सोव्हिएत सैन्य आलं, ऑगस्टमध्ये देश सोव्हिएत संघात घेतला गेला, हळूहळू सोव्हिएत तिकिटं आली. २२ जून १९४१ ला जर्मन आक्रमण, २३ ला कौनासमध्ये उठाव आणि तात्पुरतं सरकार. तेव्हा कचेऱ्यांत असलेल्या सोव्हिएत तिकिटांवर 'नेप्रिक्लाउसोमा लियेतुवा १९४१-६-२३' म्हणजे 'स्वतंत्र लिथुआनिया' असा ओव्हरप्रिंट झाला (महिना रोमन आकड्यात). विल्नियुसचा स्वतंत्र ओव्हरप्रिंट, आणि छोट्या गावांचे आपापले. मिशेल या जर्मन तिकीट-कॅटलॉगमध्ये ही गावं जर्मन नावांनी शोधावी लागतात. अल्सेजाय आल्सेड्शेन म्हणून, रोकिश्किस राकिश्की म्हणून, उक्मेर्गे विल्कोमिर म्हणून, तेल्श्याय तेल्शेन म्हणून, आणि झारासाय झारग्राड म्हणून. हे माहीत नसलं की माणूस पानं उलटत बसतो. झारासायची तर गंमतच आहे. रशियन काळात नोवोअलेक्सांद्रोव्स्क, १९१९ ते १९२९ एझेरेनाय, नंतर झारासाय, आणि जर्मन कॅटलॉगात चौथं नाव. एकाच कचेरीची पाकिटं चार ठिकाणी विखुरलेली सापडतात.

तर विक्रेत्याचा 'ऑक्युपेशन लोकल' हा शब्द १९४१ ला लागू पडतो, तुमच्या कार्डाला नाही. तुमच्या कार्डावरची तिकिटं देशभर चालणारी नेहमीची आहेत, स्थानिक आहे तो फक्त शिक्का. १९१९ मध्येही खऱ्या अर्थाने स्थानिक म्हणावीत अशी तिकिटं होती: रासेइन्यायचे रशियन तिकिटांवरचे ओव्हरप्रिंट, आणि ग्रोद्नो म्हणजे गार्दिनासचा 'लियेतुवा ५० स्कातिकू' हा ओव्हरप्रिंट, तोही रशियन आणि युक्रेनच्या त्रिशूळवाल्या तिकिटांवर. ती महाग आहेत आणि त्यांच्या नकला मुबलक आहेत. विक्रेता तुमचं साधं कार्ड त्या शेजारात बसवू पाहतोय. माझ्या मते साध्या कार्डाचं मोल त्या ओव्हरप्रिंटांपेक्षा जास्त आहे. ते खरंच टपालातून गेलंय, आणि १९१९ असो की १९४१, ओव्हरप्रिंटांची बहुतेक पाकिटं संग्राहकांनी संग्राहकांसाठी बनवलेली आहेत. पण बाजारभाव माझं ऐकत नाही, त्यामुळे घासाघीस करा.

पुढेमागे १९४१ चं काही घेणार असाल तर थोडक्यात. ओव्हरप्रिंटवरची तारीख ही गावाच्या 'सुटके'ची तारीख आहे, तिकीट जारी झाल्याची नाही. झारासाय आणि तेल्श्याय दोघांवरही २६ जून आहे. मूळ सोव्हिएत तिकीट जून १९४१ च्या आधी छापलेलं हवं. तीच चित्रं सोव्हिएत टपालाने पुढेही छापली, आणि नकलाकार नंतरच्या स्वस्त तिकिटांवर ओव्हरप्रिंट मारतात. कागद आणि दाते त्यांना उघडं पाडतात. वापरलेल्या तिकिटावर ओव्हरप्रिंटची शाई तिकीट रद्द करणाऱ्या शिक्क्याच्या वर बसलेली दिसली तर तिथेच थांबा. कोणीतरी आधीच रद्द झालेल्या तिकिटावर नंतर ओव्हरप्रिंट मारलाय. आपल्याकडे ग्वाल्हेर, पतियाळा वगैरे संस्थानांच्या ओव्हरप्रिंटांत जे चालतं तेच. ४ नोव्हेंबर १९४१ ला हिटलरच्या चेहऱ्याची 'ओस्टलांड' (जर्मनव्याप्त बाल्टिक प्रदेश) तिकिटं आली, सुरुवातीला १८ किमतींची. त्या प्रदेशात १० रुबल म्हणजे १ राइशमार्क असा दर होता, त्यामुळे कोपेक आणि फेनिशची बेरीज करताना गोंधळू नका. खरेदी बीपीपी (जर्मनीतली तिकीट-परीक्षकांची संघटना) तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय नाही. मागे नुसती एक सही असेल तर ती सहीसुद्धा बनावट असू शकते.

आणखी एक. १९४१ चं पान कधी केलंत तर त्यावर ओव्हरप्रिंटचा टाइप एक, टाइप दोन एवढंच लिहून मोकळे होऊ नका. याच गावांतल्या ज्यू वस्त्या त्याच उन्हाळ्यात संपवल्या गेल्या. जर्मन अधिकारी येगरच्या अहवालात रोकिश्किसला १५-१६ ऑगस्टला ३२०७, पानेवेझीसला २३ ऑगस्टला ७५२३ आणि झारासायला २६ ऑगस्टला २५६९ जणांना मारल्याची नोंद आहे. तुमच्या कार्डासारखी यिडिश कार्डं लिहिणारी माणसं हीच. हा टपाल इतिहासच आहे. पत्ता असलेलं घरच उरलं नाही, तर टपाल कुठे गेलं हा प्रश्न परीक्षकही विचारतो.

---

टपालटप्पा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे करून बघितलं, निकाल असे:

लाल चॅनलमध्ये वरच्या तिकिटावर 'गाला'च्या आधी, वर फाकलेले दोन हात आणि खाली एक दांडा दिसतो, म्हणजे वाय. त्याच्या आधी दोन उभे खांब आणि मध्ये खाली उतरणारी रेघ. टी असता तर एकच खांब दिसला असता, म्हणजे हा एम. डावीकडे जेमतेम दोन अक्षरांची जागा उरते. मजकुराच्या माथ्यावर पहिलं अक्षर हस्तलिपीच्या तक्त्यातल्या रेशशी जुळतं.

तिसऱ्या ठशाची शाई डिंकाच्या खुणेच्या कडेवर सरळ रेषेत तुटते. खाचांमध्ये चार-पाच जांभळे ठिपके आहेत. तिन्ही ठशांत शेवटच्या एचा उजवा पाय तळाशी तुटका आहे. यूव्हीत कार्ड निस्तेज. फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोनी डाग चमकतो, साधारण १ × २ सेंमी.

दोन शंका. तो चमकणारा डाग कशाचा? आणि पानावर याचं वर्णन नेमकं कसं लिहायचं? टपालखर्च लिहिणं अपेक्षित असतं, पण तिसरं तिकीट किती किमतीचं होतं ते आता कसं कळणार?

---

दातेरी

डाग बहुधा हिंजचा (अल्बमला चिकटवायचा डिंकाचा कागद) किंवा कोणा संग्राहकाच्या चिकटपट्टीचा. आकार तोच आहे आणि कोपराही तोच, जिथे कार्ड अल्बमला चिकटवतात. त्याच्याखाली छपाई किंवा लिखाण झाकलं गेलेलं नाही ना एवढं बघा. नसेल तर हात लावू नका. पाण्याने काढायला जाल तर शेजारची शाई पसरेल.

---

शिक्कामोर्तब

रामिगालाच. तीन स्वतंत्र खुणा एका गावाकडे बोट दाखवतात, आणखी काय हवं.

वर्णन लिहिताना जे दिसतं ते आणि जे अनुमान आहे ते वेगळं ठेवा. 'रामिगाला, जांभळा एकोळी शिक्का, चौकट नाही, तारीख हाताने १५ मार्च १९२०. कौनास आगमन १७ मार्च १९२०' एवढं ठाम लिहा. लांबी-उंची मिलिमीटरमध्ये द्या. तिन्ही ठशांतला तुटका ए नक्की नमूद करा, कारण पुढे दुसऱ्या कोणाकडे रामिगालाचं कार्ड निघालं तर तोच दुवा ठरेल. शिक्का रबरी की लाकडी हे 'रबरी असावा' असं लिहा.

टपालखर्चाबद्दल: '२ × १० स्कातिकू शिल्लक, तिसरं तिकीट गळलेलं' असं सरळ लिहा आणि बेरीज लिहू नका. तिन्ही १० चीच असतील असं गृहीत धरून ३० लिहाल आणि दरपत्रकाशी जुळलं नाही तर उगाच प्रश्न. या काळात दर वारंवार बदलले. औक्सिनास हे तेव्हाचं चलन जर्मन मार्काला बांधलेलं, मार्क घसरला की टपालदर चढले, आणि १ ऑक्टोबर १९२२ ला लितास हे नवं चलन आलं तेव्हा जुन्या तिकिटांवर सेंतास आणि लितासचे नवे आकडे छापून ती खपवली गेली. त्यामुळे दर लिहायचा तर नेमक्या तारखेचा दर हाती असल्याशिवाय लिहू नये. लिथुआनियाच्या 'ए-पावेल्दास' या डिजिटल वारसा संग्रहात जुनी वर्तमानपत्रं आणि सरकारी प्रकाशनं आहेत, दरबदलाच्या सूचना तिथे शोधा. शिकागोच्या लिथुआनिया फिलाटेलिक सोसायटीच्या अंकांतही तात्पुरत्या शिक्क्यांवर काम झालेलं आहे.

नकाशासाठी आजचा नकाशा वापरू नका. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन लष्कराचे पश्चिम रशियाचे १:१,००,००० नकाशे जालावर आहेत. त्यांत रामिगाला जुन्या नावाने, आताच्या पानेवेझीसच्या दक्षिणेला सापडेल, आणि कार्ड कोणत्या रस्त्याने गेलं असेल ते पानावर दाखवता येईल. फक्त नकाशाची प्रत छोटी ठेवा. एका फ्रेमच्या प्रदर्शनात नकाशाने पान खाल्लं की गुण जातात.

---

खिडकी क्र. ७

पुढच्या खरेदीसाठी सुचवतो: रामिगालाचं नंतरचं, पोलादी गोल शिक्क्याचं एखादं साधं पाकीट शोधा. तात्पुरता शिक्का आणि त्यामागोमाग आलेला कायमचा शिक्का शेजारी ठेवला की पान बोलकं होतं. तात्पुरत्याची शेवटची आणि गोल शिक्क्याची पहिली तारीख जितकी जवळ आणता येईल तितकी आणा, त्याला बरेच गुण असतात. विक्रेत्यांच्या याद्यांत 'रामिगाला' एवढंच शोधलंत तर अर्धी पाकिटं सुटतील. रेमिगोला, रेमिगोवा अशा रूपांनीही शोधा, पोलिश विक्रेते तसं लिहितात.

साठवणीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण जूनपासून मुंबईत असाल तर: पीव्हीसीच्या कव्हरात अजिबात नको, त्यातला प्लॅस्टिसायझर जांभळी शाई खेचतो. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं घ्या. डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या. जेलचा रंग बदलला की १२० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये तासदोन तास तापवून, थंड झाल्यावरच परत डब्यात ठेवा. गरम पुडी थेट कार्डांशेजारी ठेवली तर कार्ड वाकतं.